उणे एकाच्या रेघा

घैसासमास्तर थकले होते, आणि थकल्या माणसाला विश्रांती घे म्हणून सांगणारे जितके भेटतात तितकी विश्रांती काही मिळत नाही. सांगलीच्या शाळेतून सुटून दोन वर्षं झाली होती. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत चालला होता. मिरजेच्या डॉक्टरांनी हिवाळ्यात कापू म्हणून सांगितलं होतं. गुडघे कुरकुरत होते, आणि लढाई काही संपायचं नाव घेत नव्हती. चव्वेचाळीस साल उजाडलं तरी रॉकेल मिळेना, साखर मिळेना, कागदाचं तर नावच काढू नका. मास्तर सकाळी उठून पलंगावर बसायचे ते बसूनच राहायचे. आता उठून तरी काय करायचं, असा चेहरा.

एकाच गोष्टीसाठी ते उठत. बीजगणिताचं पुस्तक. तेहतीस वर्षं शाळेत शिकवलं, ते सगळं मराठीत, मुलांना कळेल असं लिहून ठेवायचं. डोळे साथ देत नव्हते म्हणून मास्तर सांगायचे आणि त्यांची मुलगी विनोदिनी लिहून घ्यायची. विनोदिनी तिशीची, मुलींच्या शाळेत शिकवायची, आणि बापाच्या तोंडावर खरं बोलायला भ्यायची नाही. प्रकरणं चौदा झाली. तेरा अभ्यासक्रमातली, आणि चौदावं अभ्यासक्रमाबाहेरचं: उणे संख्यांची वर्गमुळं आणि काल्पनिक संख्या.

"अप्पा, हे परीक्षेला कुणी विचारत नाही. कशाला डोकेफोड?" विनोदिनीनं विचारलं होतं.

"तेरा प्रकरणं कुणीही लिहील गं," मास्तर म्हणाले होते. "हे एक माझ्या हातून नीट जाऊ दे. मग डोळे गेले तरी चालतील."

"असलं अभद्र बोलू नका," ती म्हणाली आणि तिनं टाक बुडवला.

पुस्तक छापायला साताऱ्याला गेलं होतं. सांगलीत छापखाने काय कमी होते? पण साताऱ्याच्या यमाई छापखान्याच्या लालासाहेबांकडे लढाईआधीचा कागद पडून होता, आणि तिथला मुख्य जुळारी हरिबा निकम हा मास्तरांचा जुना विद्यार्थी. मास्तर पूर्वी साताऱ्याच्या हायस्कुलात होते, तेव्हाचा. खिळे, म्हणजे ती बारीक बारीक शिशाची अक्षरं, एकेक उचलून ओळी जुळवण्यात त्याचा हात धरणारा जिल्ह्यात कुणी नव्हता म्हणत. वर्गमुळाचं चिन्ह छापखान्यात नव्हतंच, तर या गड्यानं पितळी पट्टी कापून, कानशीनं घासून पन्नास चिन्हं घरी बसून केली. पाठ्यपुस्तकांच्या समितीकडे पंधरा तारखेच्या आत पाच प्रती पोचवायच्या होत्या. प्रुफं विनोदिनीनं तपासून पाठवली. आता फक्त शेवटचा फर्मा, म्हणजे पानांचा शेवटचा ताव, छापून यायचा राहिला होता. त्या फर्म्यात चौदावं प्रकरण तेवढं होतं, दुसरं काही नाही.

तो फर्मा पाच तारखेला दुपारी टपालानं आला. विनोदिनी खिडकीशी बसली आणि मोठ्यानं वाचू लागली.

"'वर्गमुळात एक ही संख्या...'" ती थांबली. मग हसली. "अप्पा, ऐका हं. 'एकाचं वर्गमूळ आपल्या ओळखीच्या कोणत्याही संख्यांत सापडत नाही.'"

"उणे एकाचं," मास्तर म्हणाले.

"उणे छापलेलंच नाही. 'म्हणून गणितज्ञांनी एकाच्या वर्गमुळाला काल्पनिक संख्या असं नाव दिलं.'" तिचं हसू मावळलं. ती भराभर पानं उलटू लागली. बोटानं मोजत गेली. "अप्पा, एक्केचाळीस जागा आहेत. एक्केचाळीसही ठिकाणी उण्याची रेघ गायब आहे. चिन्हाच्या छताखाली नुसती मोकळी जागा."

"प्रुफात होती?"

"होती तर! मी डोळ्यांत तेल घालून बघितलंय."

मास्तरांनी डोकं भिंतीला टेकलं. एखादी रेघ पडली तर छापखान्याची चूक म्हणायची. एक्केचाळीस पडल्या, म्हणजे कुणीतरी हातानं उचलून काढल्यात. एकाचं वर्गमूळ एक, हे चौथीतलं पोर सांगेल. आणि इथं घैसासमास्तर, बी. ए., तेहतीस वर्षांचा अनुभव, छापील अक्षरात सांगतायत की ते जगात कुणालाच सापडलेलं नाही! समितीतले लोक पोट धरधरून हसले असते.

"साताऱ्याला जायला पाहिजे," ते म्हणाले, आणि नुसतं म्हणतानाच त्यांना दम लागला.

विनोदिनीनं रजा काढली. सांगलीहून मिरज, मिरजेहून गाडीनं सातारा रोड. वाटेत दोनदा पोलीस डब्यात चढून वळकट्या उसकटून गेले. दिवस पत्री सरकारचे, म्हाताऱ्या मास्तराच्या वळकटीतसुद्धा त्यांना बंदूक दिसायची. सातारा रोडवरून कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार, ती चढाला लागली की उतारूंनी उतरून मागून ढकलायची. मास्तरांना कुणी ढकलायला लावलं नाही, पण उतरावं लागलंच. ते रस्त्याच्या कडेला उभे राहिले आणि त्यांच्या मनात आलं, जाऊ दे झालं, काय ते रेघांचं एवढं? पण मोटार चालू झाली आणि ते निमूटपणे परत चढले.

छापखान्यात पोचले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. लालासाहेब औंधाकडचे, अंगानं भरलेले, आवाज असा की यंत्राच्या खडखडाटातही कळावा. त्यांनी मास्तरांना खुर्ची दिली, फर्मा बघितला आणि कपाळावर हात मारला.

"मास्तर, छापून झाल्या पाचशे प्रती. कागद संपला. आता ह्या फर्म्याला पुन्हा कागद आणायचा म्हणजे अर्ज करायचा, सहा महिने वाट बघायची. आणि हे केलं कुणी? ए, कुणी हात लावला रं ह्या फर्म्याला?"

"म्या लावला," मागून आवाज आला.

हरिबा निकम पुढं आला. चाळिशीचा, सडसडीत, बोटं शिशानं काळी पडलेली. तो मास्तरांच्या पायाशी वाकला. "मास्तर, तुमी सवता आला व्हय! आवं, सांगावा धाडायचा न्हाई का, ठेसनावर आलो आसतो की."

"हरिबा, उण्याच्या रेघा तू काढल्यास?"

"व्हय. म्याच काढल्या." त्याच्या चेहऱ्यावर इतकं समाधान होतं की मास्तरांना अंधुक दिसत असूनही ते दिसलं. "म्या भणीच्या लगनाला गावाकडं गेलतो. मागं ह्या भिकूनं शेवटचं परकरण जुळवलं. मी आलो आन फर्मा आवळाया घेतला, तर बघतो काय, मुळाच्या चिन्हाखाली सगळीकडं उणं! काळजात धस्स झालं. म्हनलं, मास्तरांची नजर ऱ्हायली न्हाई, ताईंच्या हातनं लिवताना चूक झालीया, आन भिकूनं मेल्यानं हाय तशी जुळवली. सकाळी छपाई सुरू व्हायची हुती. तुमास्नी कळवाया येळ न्हवता. मंग चिमट्यानं येकेक रेघ उचलली आन तितं कोरा खिळा घातला. मजकूर वाचत बसलो न्हाई, गणितं तेवढी नीट केली. आपल्या मास्तरांना कुणी हसाय नको."

विनोदिनीचं तोंड रागानं लाल झालं.

"पण उणे चूक आहे असं तुला कुणी सांगितलं?" मास्तरांचा आवाज चढला. शंभर मैल हाडं खिळखिळी करून आलेल्या माणसाचा आवाज चढायचाच. "पुस्तक माझं, प्रूफ पास केलेलं, आणि तू कोण लागून गेलास बदलणारा?"

"कुणी सांगितलं?" हरिबा हसला. "तुमीच की!"

यंत्रावरचा भिकू फिदीफिदी हसला. ही गोष्ट छापखान्यात सगळ्यांना पाठ असावी. हरिबा कमरेवर हात ठेवून उभा राहिला आणि सांगू लागला. नेहमीच्या गोष्टी सांगणाऱ्याला कुठं थांबायचं आणि कुठं हसवायचं ते बरोबर कळत असतं, तसं तो सांगत होता.

"सन बावीस. म्याट्रिकच्या आदीची चाचणी. प्रश्न आला, क्ष वर्ग अधिक चार बरोबर शून्य. आता शाण्या पोरानं काय लिवायचं? उत्तर संभवत न्हाई. पाच मार्कं घ्यायची, गप बसायचं. पर मी येडा! मी म्हनलं, संभवत न्हाई कसं? क्ष वर्ग म्हंजे उणे चार, तर क्ष म्हंजे उणे चाराचं वर्गमूळ, म्हंजे दोन गुणिले उणे एकाचं वर्गमूळ. लिवलं ठोकून! दुसऱ्या दिशी मास्तरांनी मला बाकावर उभा केला. पेपर वर्गापुढं धरला आन म्हनले, 'ह्या निकमाच्या गोठ्यात उणे चार म्हशी बांधल्यात, हा आता त्यांची धार काढायला चाललाय!'"

भिकू हसला. कागद मोजणारा म्हातारा हसला. लालासाहेबांनीही मिशीतून हसून घेतलं.

"हातावर चार छड्या, पेपरात भोपळा. बत्तीस मार्कं पडली, पाहिजे हुती पस्तीस. फारम काय पुढं गेला न्हाई. आबा म्हनले, बास झालं, पलटणीत जा. गेलो. दोन वर्सं काढली, हिवतापानं परत धाडलं, मंग हितं. पर त्या दिसापासनं मास्तरांनी शिकवलेलं इसरलो न्हाई. उणे संख्येला वर्गमूळ नसतं. झोपंत उठवून इचारा."

आणि त्यानं अशा भावानं मास्तरांकडे बघितलं, जणू आता पाठीवर थाप पडणार.

मास्तरांना तो पेपर आठवत होता. पोराचा चेहरा आठवत नव्हता. वर्षाला शंभरेक चेहरे, कुठं लक्षात राहणार? पण तो पेपर आठवत होता, त्यातली ती ओळ आठवत होती, आणि म्हशींचं वाक्यही. त्यांना खुर्चीत बसून राहणं नकोसं झालं.

लालासाहेबांनी घसा खाकरला. "मास्तर, माझं ऐकाल? अजून बांधणी झालेली नाही. हा शेवटचा फर्मा बांधूच नका. तेरा प्रकरणांचं पुस्तक. समितीला चौदावं कुठं पाहिजे? अनुक्रमणिकेतली एक ओळ काढली की झालं. परवा पाच प्रती रवाना करतो."

सोपी गोष्ट होती. पुस्तक मंजूर होणार, कुणी हसणार नाही, हरिबा आपल्या समाधानात राहणार. मास्तरांनी मान हलवली. "काढा," ते म्हणाले.

"अप्पा!" विनोदिनी म्हणाली.

"काढा म्हटलं ना! आता माझ्यात जीव नाही, विने."

ते उठून बाहेरच्या ओट्यावर जाऊन बसले. समोरून एक गाडीवान बैलांना शिव्या देत चालला होता. विनोदिनी येऊन त्यांच्या शेजारी बसली.

थोड्या वेळानं हरिबा दोन कप चहा घेऊन आला. कप ठेवले, आणि गेला नाही. खांबाला टेकून उभा राहिला.

"मास्तर, येक इचारू? रागावू नका."

"विचार."

"ताईंचं तोंड बघितलं म्या. चूक त्यांची न्हवती, व्हय ना? रेघा पाहिजे हुत्या तितं?"

"पाहिजे होत्या," मास्तर म्हणाले.

"मंग उणे एकाला मूळ आसतंय?"

"असतं."

"कुटं आसतंय?" हरिबा खाली उकिडवा बसला. "न्हाई, खरंच इचारतो. येकाचा वर्ग येक. उणे येकाचा वर्ग बी येकच. मंग उणे येक यायचं कुठनं? नाव तर काल्पनिक म्हनता. काल्पनिक म्हंजे न्हाईच की!"

मास्तरांनी चहाचा घोट घेतला. पुस्तकात त्यांनी हे चार पानांत लिहिलं होतं, 'मानू या' आणि 'समजू या' करत. इथं ते चालण्यासारखं नव्हतं.

"पलटणीत होतास ना? मग ऐक. हा समोरचा रस्ता. तू इथं उभा, तोंड पूर्वेला. पाच पावलं टाकलीस की अधिक पाच. मी हुकूम दिला, अबौट टर्न. आता पाच पावलं टाकलीस तर?"

"पश्चिमंला. उणे पाच."

"म्हणजे उणे एकानं गुणणं म्हणजे अबौट टर्न. दोनदा अबौट टर्न केलं की?"

"हुतो तितंच. उणे गुणिले उणे, अधिक." हरिबाचे डोळे बारीक झाले. "हे कवा कुणी आसं सांगितलंच न्हाई."

"आता मला असा हुकूम सांग, जो दोनदा दिला की मिळून एक अबौट टर्न होईल."

हरिबा उठून उभा राहिला. रस्त्यात गेला. ताठ झाला, आणि चाळिशीच्या त्या माणसानं भर रस्त्यात टाच आपटून डावीकडे वळून दाखवलं. मग आणखी एकदा. पश्चिमेला तोंड करून तो तसाच उभा राहिला. भाजीची पाटी घेऊन चाललेली एक बाई थबकून बघत राहिली.

"लेफ्ट टर्न," तो म्हणाला.

"तेच उणे एकाचं वर्गमूळ. एकदा केलंस की तोंड कुठं होतं?"

"उत्तरंला. रस्ता सोडून. त्या रानाकडं."

"म्हणून रस्त्यावर शोधलं तर ते सापडत नाही. रस्त्यावरच्या लोकांनी त्याला काल्पनिक म्हटलं. ते रानात उतरलं की आहेच."

हरिबा परत ओट्याशी आला. काहीतरी मनात घोळवत होता. बोटं हवेत खिळे उचलल्यासारखी हलत होती.

"पर मास्तर, मी राइट टर्न दोनदा केलं, तरी अबौट टर्नच की. म्हंजे मुळं दोन झाली. येक उत्तरंला, येक दक्षिणंला."

मास्तरांनी कप खाली ठेवला. ही गोष्ट त्यांच्या चौदाव्या प्रकरणाच्या अगदी शेवटच्या पानावर होती. त्यांच्याबरोबर कॉलेजात शिकणाऱ्या हुशार पोरांना ती उमजायला आठवडा लागला होता. ह्याला चहा निवायच्या आत समजली. असलं डोकं! आणि ते जवळजवळ वीस वर्षं लग्नपत्रिकांची अक्षरं उलटी लावत बसलेलं.

"हरिबा," मास्तर म्हणाले, "त्या पेपरात तू लिहिलं होतंस ते बरोबर होतं."

"आता बरोबर म्हंजे?" हरिबा अजून हसत होता. "आता नवा शोध लागला आसंल. तवा कुटं हुतं हे?"

हो म्हटलं असतं तर सुटले असते. इतकं सोपं. मास्तरांना ते सोपेपण दिसलं, आणि त्याचीच किळस आली.

"नाही रे. शोध जुना आहे. तीनचारशे वर्षांचा."

"मंग तुमास्नी म्हाईत नसंल तवा."

"माहीत होतं. मी कॉलेजात शिकलो होतो."

हरिबाचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, पण त्यात आता काही उरलं नव्हतं.

"मंग?"

"मग काय," मास्तर म्हणाले. शब्द त्यांना ओढून काढावे लागत होते. "तू वर्गाबाहेरचं लिहिलं होतंस. बरोबर म्हटलं असतं तर सगळ्यांना समजावून सांगावं लागलं असतं. शेवटचा तास होता. मला कंटाळा आला होता, हरिबा. आणि खोटं कशाला बोलू, निकमाच्या पोरानं हे आपल्या डोक्यानं काढावं हेही मला सोसलं नाही. एखाद्या वकिलाच्या पोरानं लिहिलं असतं तर त्याला मी घरी बोलावलं असतं."

विनोदिनीनं बापाकडे बघितलं आणि मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसली.

हरिबा रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. मास्तरांना वाटलं, हा आता निघून जाईल. गेला असता तर बरं झालं असतं.

"बावीस वर्सं," हरिबा म्हणाला. आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "बावीस वर्सं मी ही गोष्ट सांगून लोकास्नी हसवलं. लगनात सांगितली. पलटणीत सांगितली. माझ्या बायकूला, अंबूला सांगितली, पोरास्नी सांगितली. तुमचा बा कसा येडा हुता, आन मास्तर कसं शाणं. आबा मरताना बी म्हनलं, गड्या, तुला डोस्कं न्हवतं, त्यात तुजी चूक न्हाई." तो थांबला. "उठा, मास्तर. आत चला."

"कशाला?"

"चला म्हनतो न्हवं!"

मास्तर उठले. विनोदिनी हात धरायला आली, तर तिला त्यांनी दूर केलं. आत यंत्र खडखडत होतं. हरिबानं हात वर केला. "भिक्या, थांबीव रं ते. समदी हिकडं या. मास्तर काय सांगत्यात ते ऐका."

यंत्र थांबलं. भिकू, कागद मोजणारा म्हातारा, लालासाहेब, सगळे मास्तरांकडे बघू लागले. मास्तरांना त्यांचे चेहरे दिसत नव्हते, नुसते धुरकट आकार दिसत होते. आयुष्यभर वर्गापुढं उभा राहिलेला माणूस, पण त्यांना टेबलाची कड धरावी लागली.

"हरिबानं सांगितली ती गोष्ट," ते म्हणाले, "ती तशी नाही. उत्तर त्याचं बरोबर होतं. चूक माझी होती, आणि ती मला त्याच दिवशी माहीत होती. मी त्याला मुद्दाम हसलो."

कुणी हसलं नाही. लालासाहेब गडबडून पुढं आले. "जाऊ द्या हो मास्तर. कुठलं जुनं उकरून काढताय?"

"जाऊ कसं द्या?" हरिबा म्हणाला. "मास्तर, पाच मार्कं मिळाली आसती तर किती झाली आसती?"

"बत्तीस आणि पाच. सदतीस."

"पास हुतो का न्हाई?"

"पास होतास."

"मोठ्यानं म्हना. भिक्याला कमी ऐकू येतं."

"पास होतास, हरिबा," मास्तर मोठ्यानं म्हणाले.

हरिबानं मान हलवली. मास्तरांना वाटलं होतं, हे बोलून झालं की काहीतरी हलकं होईल. तसलं काही झालं नाही. हरिबा रडला नाही, पाया पडला नाही, जाऊ द्या मास्तर म्हणाला नाही. तो कोपऱ्यात गेला, छापलेल्या फर्म्यांचा एक गठ्ठा उचलून आणला आणि टेबलावर ठेवला.

"लालासाब, फर्मा टाकायचा न्हाई."

"अरे पण कागद?"

"कागद कशाला? जागा म्या मोकळी सोडलीया. कोऱ्या खिळ्याची जागा हाय तितं. शाईनं येकेक रेघ मारायची. बास."

"पाचशे प्रती, एक्केचाळीस जागा," विनोदिनी म्हणाली. "वीस हजार पाचशे रेघा होतात, हरिबा."

"हुंद्यात. पाच प्रती आज करतो, त्या समितीला जातील. बाकीच्या रोज थोड्या थोड्या." त्यानं शाईची दौत सरकवली, टाकाचं टोक अंगठ्यावर घासून बघितलं. मग खुर्ची ओढली आणि मास्तरांच्या दंडाला धरून त्यांना तिच्यावर बसवलं. "तुमी बी बसा."

"मला दिसत नाही रे," मास्तर म्हणाले. "मी काय रेघ मारणार?"

"मी बोट ठिवतो, त्याच्या फुडं मारा. आदी रद्दीवर."

त्यानं मास्तरांच्या हातात टाक दिला आणि रद्दीतला एक खराब फर्मा पुढं ओढून एका चिन्हाखाली आपलं काळं बोट टेकलं. मास्तर वाकले. नाक कागदाला टेकेल इतके वाकले. त्यांनी रेघ मारली, ती तिरपी गेली आणि छताला भिडून वर निघाली.

हरिबानं कागद उजेडाकडे धरून बघितला. घाई केली नाही.

"चुकली," तो म्हणाला, आणि बोट खालच्या चिन्हाशी नेलं. "परत मारा, मास्तर. जमंस्तवर मारा."

मास्तरांनी टाक दौतीत बुडवला.